सांगितलं तर बोलावेल कोण?

पसरलेल्या पायांवर माझ्या लेकीला पालथं घालून शेवंतामावशी तिच्या पाठीला तेल चोळत होत्या. "जावयांनी वेबसाइट काढून दिली, पण तिच्यावरून एक फोन नाही गं. कोपऱ्यावर ते बेबी स्पा उघडल्यापासून माझी तर बाळांच्या मालिश-अंघोळीची घरं सुटायला लागलीत. तू वेबसाइटींचंच काम करतेस ना, बघ जरा."

मी मोबाइलवर पाहिलं. गुलाबाची फुलं, सुस्वागतम आणि मावशींचं नाव.

"मावशी, जिला तुमचं नावच माहीत नाही ती तुम्हाला शोधणार कशी? नव्या आया तुम्हाला काय काय विचारतात?"

"डोकं खातात. अंघोळीला बाळ का रडतं, पाणी किती गरम हवं, टाळू कधी भरते. तूसुद्धा काही कमी नव्हतीस."

"हेच सगळ्या गुगलला विचारतात. एकेका प्रश्नाचं एकेक पान करू. प्रश्न त्यांच्या शब्दांत, उत्तर तुमच्या, आणि सोबत आपल्या गावाचं नाव."

मावशींचा हात थांबला. "सगळं फुकट सांगून टाकलं, तर मला बोलावेल कोण?"

"मी नाही का बोलावलं? हिला घरी आणायच्या आधीच मी सगळं वाचून काढलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. मग पहिल्यांदा पाण्याशी नेलं आणि हातच कापायला लागले. तश्शी शेजारणीकडून तुमचा नंबर घेतला."

मावशींनी लेकीला अलगद उताणं केलं. ती त्यांच्याकडे बघून हसली.

"लिही मग," मावशी म्हणाल्या. "आणि प्रत्येक पानाखाली टाक, सगळं वाचूनही हात कापत असतील तर मला फोन कर."