सहीच्या आधी

ती बाई शेजारी येऊन बसली तेव्हा मालनने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे समोरच्या काचेच्या दाराला लागले होते. त्या दारातून श्रुतिका येणार होती, आणि एक तर हो सांगणार होती, नाहीतर नाही.

श्रुतिका म्हणजे अंधेरीच्या त्या हॉस्पिटलात अवयवदानाचं काम बघणारी मुलगी. सकाळी तिचाच फोन आला होता. लिव्हर मिळण्याची शक्यता आहे, नितेशला घेऊन लगेच निघा, काही खायला देऊ नका. बाईक घसरून डोक्याला मार लागलेला एक मुलगा आहे, त्याचा मेंदू मेलाय. फक्त घरच्यांचा होकार यायचाय.

बोरिवलीहून टॅक्सीत बसल्यापासून मालन देवाकडे तो होकार मागत होती. मागता मागता आपण नेमकं काय मागतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. पण मागणं काही थांबलं नाही.

नितेश आत पडून होता. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, हातांच्या नुसत्या काड्या. त्याचा बाप, बाळा, खाली रक्ताची सोय बघत होता आणि सारखा फोन करत होता.

"काय झाला गो?"

"अजून काय नाय."

"तुमच्याकडे पाणी आहे?" शेजारची बाई म्हणाली.

मालनने बाटली दिली. बाईने झाकण उघडलं, पण ती प्यायली नाही. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रॉस, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"हात गरम आहे त्याचा," बाई समोर बघत म्हणाली. "छाती पण खालीवर होते. आणि डॉक्टर सांगतात, जोसेफीन, तुझा डॅरिल गेला. गेला तर मग हात गरम कसा?"

"काय झालं त्याला?" मालनने विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच तिला ते कळलं होतं.

"बाईक घसरली. मरोळला, अगदी घरासमोर."

दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना भेटायचं नसतं, असं श्रुतिकाने बजावलं होतं. उठून जावं असं मालनला वाटलं, पण ती उठली नाही.

"सगळे माझ्या मागे लागलेत," जोसेफीन म्हणाली. "नवरा म्हणतो, देऊन टाक. फादर म्हणतात, दे. पोरगी म्हणते, मम्मी, मन मोठं कर. मला राग येतो सगळ्यांचा. त्याचं लिव्हर घेऊन कोणाचा तरी पोरगा घरी जाऊन जेवायला बसणार. मग माझा का नाही? असं मनात येणं पाप आहे का?"

"नाही."

"तू असतीस तर दिलं असतंस? खरं सांग."

मालनच्या जिभेवर 'हो' आलं होतं. एवढासा शब्द. तो बोलली असती तर तिला कोणी खोटी म्हटलं नसतं. या बाईला कोणीतरी जरासं ढकलायचीच गरज होती, आणि ढकलायला मालन अगदी जवळ बसली होती. तिने जोसेफीनच्या हातांकडे पाहिलं. बाटलीचं झाकण ते हात लावत होते, पुन्हा उघडत होते.

"नसतं दिलं," मालन म्हणाली. "हात गरम असताना मी माझ्या पोराला कोणाला शिवू दिलं नसतं. भांडले असते सगळ्यांशी."

बोलून झालं. आपणच आपल्या पोराचा गळा दाबला, असं तिला वाटलं.

जोसेफीन तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. इतका वेळ अडवून धरलेलं रडणं, ते नीट बाहेरही पडत नव्हतं. मालनने तिचं डोकं खांद्यावर घेतलं, आणि स्वतःचीच लाज वाटली तिला, कारण तेव्हाही तिची नजर दाराकडेच होती.

"तू एकटीच खरं बोललीस," बऱ्याच वेळाने जोसेफीन म्हणाली. "तुझं कोण आहे इथे?"

"मुलगा."

"काय झालंय त्याला?"

मालनने तोंड उघडलं. तेवढ्यात काचेपलीकडे श्रुतिका आली, तिने दोघींना एका बाकड्यावर पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. जोसेफीनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मालनच्या तोंडाकडे. हळूहळू तिने डोकं मालनच्या खांद्यावरून काढलं आणि ती ताठ बसली.

"आणि तरी तू मला 'नसतं दिलं' म्हणालीस," ती म्हणाली.

मालनने मान खाली घातली. बाटली बाकड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. दोन वेगवेगळ्या चपला दाराकडे गेल्या, दार उघडलं, मिटलं. ती रागाने गेली की कशी, हे कळायला मार्ग नव्हता. बाळाचा फोन वाजून वाजून बंद झाला. मालनने तो उचलला नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खांद्यावर हात पडला तेव्हा ती दचकली. श्रुतिका होती, धावत आल्यासारखी.

"मावशी, उठा. सही झाली. नितेशला ऑपरेशनला घेतोय आम्ही. मावशी, ऐकलंत ना?"

मालनने तिचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढून शेजारी बसवलं. कॉरिडॉरच्या टोकाला, सही करून बाहेर आलेली जोसेफीन मुलीच्या आधाराने उभी होती.

"हळू बोल," मालन म्हणाली. "ती अजून लिफ्टपाशीच आहे."