चाळिसावी लेव्हल

पाटावरच्या मोबाइलवर पिवळे ठिपके सरसर खाली येत होते आणि अंकुशरावांची थरथरती बोटं त्यांच्यामागे धावत होती. ही चाळिसावी लेव्हल पार झाली, की डोक्यातली चिप उजव्या हाताचा कंप आवरायला शिकणार होती. डावा हात आधीच्या लेव्हलनी कधीच शांत केला होता. इथे मात्र आठवडाभर एकच शेरा येत होता: 'उशीर'.

"तीस वर्षं तमाशात ढोलकी वाजवली, आणि हा डबा मला ताल शिकवतोय!"

त्याच ढोलकीवर नाचलेल्या त्यांच्या बायको कौसाबाई हसल्या. "अहो, माझं पाऊल पडल्याशिवाय तुमची थाप कधी पडलीये? अजून वाट बघताय तुम्ही."

त्यांनी पदर खोचला आणि ठिपका पोचण्याच्या किंचित आधी जमिनीवर पाऊल आपटलं. थाप अचूक पडली. मग दुसरी, दहावी, पन्नासावी. वेग वाढला, कौसाबाईंना धाप लागली, तरी दोघंही थांबेनात. शेवटचा ठिपका फुटला आणि स्क्रीन हिरवी झाली.

अंकुशरावांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो हलत नव्हता.

"तू बस, चहा मी टाकतो," ते ओरडलेच. "आणि ती स्ट्रॉ फेकून दे. आज बशीतून पिणार!"