दुधाचा दात

बेळगाव कॅम्पातला साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या कुत्र्यांतलं सगळ्यांत लहान बायाक्कानं मागून घेतलं. "पिल्लू हाय. वाढलं की घर राखंल," तिनं मागावर बसलेल्या नवऱ्याला पटवलं. शेळीचं दूध त्याच्या वाटीत जाऊ लागलं, तरी वर्षभरात कुत्रं ओंजळीएवढंच राहिलं. आज भाकरी चावताना त्याचा दात पडला. दुधाचा दात पडला, आता अंग धरणार म्हणून बायाक्का हरखली. पोरांचा टाकतात तसा कौलांवर टाकायला ती अंगणात आली. वाटेनं साहेबाचा जुना खानसामा चालला होता. कुत्रं धडपडत त्याच्या पायाशी गेलं. "म्हातारबा, अजून हायसा व्हय?" तो कुत्र्याला म्हणाला. "आक्का, ह्यो साहेबाच्या लेकीच्या बारशाला आणलेला. तिचंबी लगीन होऊन गेलं." बायाक्काचा उचललेला हात तसाच राहिला. कुत्र्याकडं बघत तिनं सासऱ्यासमोर घ्यावा तसा डोईवर पदर घेतला.