वाट मोकळी

रविवार होता. चिखलदऱ्याच्या पॉइंटवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि जो तो धुक्याचे व्हिडिओ पाठवत होता. खालच्या गावातल्या आरोग्य केंद्रात फुलवंती बाळंतपणात अडली होती. तिथे रेंज नसते, म्हणून नर्स आचल धापा टाकत वर आली होती. पण एवढ्या गर्दीने नेटवर्क तुंबलं होतं; फोन लागेना आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला केलेला मेसेजही जाईना.

ती कणसंवालीच्या बाकावर चढली. “दादाहो, ताईहो, सगळे जण जरा फोन बंद करा! खाली एक बाई अडली हाये अन् माहा मेसेज जाऊन नाही राहिला!”

मग अकोल्याहून सहलीला आलेल्या देवमनकाकांनी फोन बंद करून खिशात टाकला. त्यांचं पाहून शेजारच्यांनीही टाकला. बघता बघता सगळा पॉइंट शांत झाला.

“गेला मेसेज!” आचल ओरडली. “करा आता चालू.”

“थांबा!” देवमनकाका म्हणाले. “जबाब यायचा हाये अजून. त्याले वाट द्या.”

कोणीही खिशात हात घातला नाही. थोड्या वेळाने आचलचा फोन वाजला. “गाडी निघाली,” तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

लगेच माणसं लगबगीने पांगू लागली.

“चालले काहून सगळे?” आचलने विचारलं.

“सिस्टर, आमच्या गाड्या खाली जायच्या रस्त्यावरच उभ्या हायेत,” काका चालता चालता म्हणाले. “तुमची गाडी कशी येईन?”

त्या गर्दीच्या रविवारी रुग्णवाहिका कुठेच अडली नाही. फुलवंती आणि तिची मुलगी, दोघी सुखरूप आहेत.