निळ्या झाकणाची बाटली

हातोडीचा आवाज बदलला. गाडीच्या पुढच्या दारापासून ठण, ठण, ठण येत होता. मागच्या चाकाजवळ नुसताच थप्प आला. बाबांनी तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि तळव्यानं दाबलं. रंगावर डाळीएवढा फुगवटा होता. टोक मुठीपर्यंत आत गेलं.

"बघितलंस? गंज आतून खातो. वरचा रंग सगळ्यात शेवटी बोलतो."

मुलगी गॅरेजच्या पायरीवर उभी होती. ती एका प्रयोगशाळेत रसायनं तपासायचं काम करायची आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. गाडी तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. निवृत्त झाल्यापासून बाबा गाडीतला सडका पत्रा कापून नवा जोडत बसले होते. आता हे शेवटचं ठिगळ.

मुलीचं लक्ष मात्र फळीवरच्या चौकोनी डब्याकडे होतं. लेबल अर्धं सोललेलं. उरलेलं तिनं दोनदा वाचलं.

"हे कुठलं, बाबा?"

"आमच्या कारखान्यातलं. वीस वर्षं झाली असतील. ग्रीस असं उतरवतं, पत्रा आरशासारखा होतो. वेल्डिंगच्या आधी यानं पुसून घेतलं की झालं."

"यानं नाही पुसायचं." ती सावकाश बोलली, कारण घाईनं सांगितलेलं ते ऐकत नसत. "यात क्लोरीन आहे. हे पत्र्यावर राहिलं आणि वेल्डिंग केलं, की विषारी वायू होतो. थोडासाही पुरतो. नुकत्याच कापलेल्या गवतासारखा वास येतो, बस. मग काही तास काहीच होत नाही. माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो. आणि मग फुप्फुसात पाणी भरतं."

"म्हणजे मरायचं, तेही बागेत बसल्यासारखं!" बाबा हसले. "शास्त्रज्ञबाई, आम्ही जन्मभर हेच वापरलं."

"तुम्ही त्यानं यंत्रांचे भाग धुवायचात. त्यावर वेल्डिंग नाही करायचात."

बाबा थप्प वाजणारी जागा खडूनं आखू लागले.

ती तडक दुकानात गेली आणि साधं स्पिरिट घेऊन आली. पांढरी बाटली, निळं झाकण. जाड पेननं तिनं त्यावर लिहिलं: फक्त हेच.

"अहो, लेक सांगतेय तर ऐका जरा," आई जेवताना म्हणाली. "नाहीतरी त्या गाडीला जेवढं गोंजारता, त्याच्या निम्म्यानं मला विचारलं असतंत, तर माझे गुडघे चालू झाले असते."

"तुझे सुटे भाग मिळत नाहीत," बाबा म्हणाले.

मुलगी हात धुवायला उठली. बेसिनवर टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी कापून ठेवली होती. आई बोटानं आतलं निपटून काढत असे. नवी नळी महिनाभर खणात पडून होती. मुलगी स्वतःशीच हसली. या घरात नवीन काही फोडायचं, ते जुनं संपल्यावरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचरा टाकायला गेली. टोपलीत तो चौकोनी डबा उलटा पडला होता. रिकामा. बूड गंजून एका कोपऱ्यात भोक पडलेलं. बाबांनी ऐकलं म्हणायचं.

बाबांनी शटर खाली ओढलं. वारा आला की वेल्डिंग बिघडतं. त्यांनी पंखाही बंद केला. नवा पत्रा जागेवर चपखल बसला होता.

"दे गं ती तुझी बाटली."

तिनंच ती त्यांच्या हातात दिली. झाकण घट्ट होतं. तेवढ्यात आईनं हाक मारली आणि ती दार ओढून आत गेली.

तासभर भिंतीपलीकडून चरचर येत राहिली. दाराखालच्या फटीतून निळा उजेड फडफडत होता. मग सगळं शांत झालं. ती चहा घेऊन गेली.

बाबा स्टुलावर बसले होते. मुखवटा कपाळावर, डोळ्यांत पाणी, चेहरा खुललेला. दोनदा खोकले आणि त्यांनी हातोडी उचलली. "ऐक." पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ठण, ठण, ठण. शेवटपर्यंत ठण. "आता आपल्यानंतरही राहील गाडी."

बाहेर कुणीतरी गवत कापतंय, असं तिला वाटलं. ओला, गोडसर, ताजा वास. गॅरेजच्या मागे सिमेंटची भिंत होती, पुढे सिमेंटचा रस्ता.

"बाबा, पत्रा कशानं पुसलात?"

"तुझ्याच बाटलीतल्यानं." मग त्यांनी नजर चुकवली. "म्हणजे बाटली तुझी. डबा खालून गळायला लागला होता आणि ते चटकन उडून जातं. घट्ट झाकण एवढं एकच होतं. म्हटलं, घोटभर तर आहे, आधी जुनं संपवू. तुझं बरणीत भरून ठेवलंय, थेंबही सांडला नाही."

तिनं कप जमिनीवर ठेवला. श्वास रोखून शटर वर फेकलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढत रस्त्यावर आणलं. "आई, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव! आत्ता!" आई दारात येऊन नुसतीच बघत राहिली.

"अगं, काय पोरखेळ लावलाय? लोक बघतायत," बाबा हात सोडवून घेत म्हणाले. त्यांनी बोटांची पेरं आपल्या छातीवर दोनदा वाजवली, पत्र्यावर वाजवावी तशी, आणि तिच्याकडे बघून हसले.

"बघ की. मला काहीसुद्धा होत नाहीये."