तिसऱ्या कॅमेऱ्यातला डाग

"याच्यातही डाग आहे," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं दुसरा कॅमेराही काउंटरवर ठेवला.

गोपाळरावांनी तो उचलला. शहरातल्या जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं कॅमेऱ्यांचं दुकान तीस वर्षांपासूनचं. जुना माल ते स्वतः उघडून, साफ करूनच विकायचे. त्यांनी डोळा लावायच्या काचेवर फुंकर मारली, लेन्स काढून आतला आरसा निरखला, मऊ कापडानं सगळं पुसलं. मग स्वतः डोळा लावून पाहिलं. त्यांना डाग दिसला नाही.

"पहिल्यातही तू हेच म्हणाली होतीस, बेटा."

"होता ना, काका. बरोबर मधोमध. धुरकट."

मागं स्टुलावर बसलेले तिचे वडील उठून उभे राहिले. अंकुश भिवापूरला मालवाहू ऑटो चालवायचे, मिरचीची पोती पोचवायचे. सकाळच्या एसटीनं ते आले होते आणि आल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं.

"मी तं म्हणूनच राहिलो, पुढच्या वर्षी पाहू. मोबाईलमधी बी चांगले फोटो येतेत. हे जुने कॅमेरे समदे खराब निंगून राहिले. चाल."

प्रियदर्शनी हलली नाही. फोटोग्राफीचं पहिलं वर्ष तिनं मोबाईलवर काढलं होतं. कॉलेजचा एकच कॅमेरा तिपाईवर असायचा आणि सगळी मुलं त्याच्या मागच्या पडद्याभोवती गर्दी करायची. आता दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःचा कॅमेरा हवा होता. चार महिने ती सिनियर मुलांना विचारत होती. कुठलं मॉडेल घ्यावं, शटर किती वापरलेलं चालेल, लेन्सला बुरशी आहे का ते कसं ओळखावं. सगळं वहीत लिहिलेलं होतं. आई दोन हंगाम दुसऱ्यांच्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती, ते याच्यासाठीच.

"नवा एक आहे," गोपाळराव म्हणाले. "सगळ्यात स्वस्तातला. थोडं वर जाईल तुमचं, पण पाहून घे."

त्यांनी खोका तिच्यासमोर फोडला. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक तसंच होतं. प्रियदर्शनीनं डावा डोळा मिटला आणि उजवा काचेला लावला. रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान होतं. दारात लटकलेल्या चपला स्पष्ट दिसत होत्या. मधे बसलेल्या माणसाला मात्र चेहरा नव्हता.

"यातही आहे," ती हळूच म्हणाली.

तिनं बटण दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो उमटला. त्यात माणसाला चेहरा होता, मिशा होत्या, गालात पानाचा तोबरा होता.

गोपाळरावांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "आता डाव्या डोळ्यानं पाहा बरं."

तिनं पाहिलं. डाग नव्हता.

"कॅमेरा ठेव. डावा डोळा हातानं झाक आणि माझ्याकडे पाहा."

तिनं झाकला. गोपाळरावांचे कान दिसत होते, खांदे दिसत होते, मागच्या फळीवरच्या लेन्स दिसत होत्या. नाक आणि चष्मा धुरात बुडाला होता. तिनं हात काढला, पुन्हा झाकला, पुन्हा काढला.

"दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो," गोपाळराव म्हणाले. "म्हणून आजवर कळलं नसेल. आधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. पैसे तुमच्याजवळच राहू द्या. कॅमेरा काही पळून चालला नाही."

तिनं वडिलांकडे पाहिलं. आता ते चाल म्हणतील असं तिला वाटलं. अंकुश पुन्हा स्टुलावर बसले होते.

"मधातच धुरकट दिसते?" त्यांनी विचारलं. "कडेनं साफ?"

"हो."

"सरळ रेघ वाकडी दिसते का? त्या बंद दुकानाच्या शटराकडं पाह्य."

तिनं डावा डोळा झाकून शटरकडे पाहिलं. आडव्या पट्ट्या मधोमध पोक आल्यासारख्या वाकल्या होत्या.

"हो. तुम्हाला कसं माहीत, बाबा?"

अंकुश हाताच्या तळव्याकडे पाहत म्हणाले, "जिजालेही असंच झालं होतं."

जिजा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. प्रियदर्शनीला आठवतं तेव्हापासून आत्या भिंतीला हात लावत चालायची.

"आत्या तर जन्मापासून आंधळी आहे."

"तसं सांगा लागलं वं बाहेरगावच्या सोयऱ्यायले. घरात अजून दोघी बहिणी लग्नाच्या होत्या." त्यांचा आवाज खाली गेला. "बारावीत शिकत होती जिजा. चांगली शिकत होती. एक दिवस म्हणे, दादा, फळ्यावर मधातच काहीतरी सांडलं हाय."

बाहेर एक रिक्षावाला गिऱ्हाईकाला हाका मारत होता. गोपाळरावांनी कॅमेऱ्यावरचं प्लॅस्टिक नीट बसवलं आणि तो खोक्यात ठेवू लागले.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. "आता नवे उपचार निघाले असतील. उद्याच दाखवा."

"दाखवतो ना, भाऊ. तिलेही हैदराबादपर्यंत नेलं होतं." अंकुश उठले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालात बांधलेले पैसे काढले, वरच्या खिशातले त्यात घालून काउंटरवर ठेवले आणि खोक्यावर हात ठेवून तो आपल्याकडे ओढला.

"उजव्यानंतर डावा जायले दोन वर्षं लागले तिले. कॅमेरा आजच द्या."