वरच्या बाईचे ठोके

मुठी वर गेल्या. ढिगाऱ्यावरची दोनशे माणसं जागच्या जागी थिजली. भूकंपानंतर मेक्सिको सिटीत वर गेलेल्या मुठीचा अर्थ एकच: तोंड बंद, खाली कुणीतरी असेल.

ठक-ठक. जरा थांबून, ठक-ठक-ठक.

"पाइप आहे," इंजिनिअर बेसेरिल म्हणाला. त्याच्या हातात भाडेकरूंची यादी होती. बावीस नावं, बावीस फुल्या. जिवंत काय, मेलेले काय, सगळे सापडले होते. यादीत नाही तो माणूसच नाही, इतकं सोपं. "दोन दिवस झाले. ढिगारा उपसायचं मशीन आत घ्या."

चायोने हातातली बादली टाकली. ती कोपऱ्यावर तामालेस, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकायची. दोन दिवस दगड उपसून तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"साहेब, पाइप असा वाजतो होय? हे वरच्या बाईचे ठोके आहेत. आत माणूस आहे!"

"कोण वरची बाई?"

"न्हाव्याच्या मालिकेतली! तुमच्या घरी टीव्ही नव्हता का?"

मालिका संपून तीस वर्षं झाली होती. न्हाव्याच्या दुकानात दंगा टिपेला पोचला की वरच्या मजल्यावरून झाडूचा दांडा आपटायचा. आधी दोन ठोके, मग तीन. न्हावी छताकडे बघून बोंबलायचा. मग वरून शेवटचा एक ठोका यायचा, हट्टी आणि उर्मट. त्या एका ठोक्यावर अख्खा देश हसायचा. चायोची आई तर हसता हसता खुर्चीवरून घसरायची. वरची बाई मात्र अकरा वर्षांत एकदाही कुणाला दिसली नाही.

"इथं माणसं मेलीत आणि हिला विनोद सुचतोय!" बेसेरिलने हात हलवला. यंत्र गुरगुरत पुढे सरकलं.

चायो यंत्राच्या लोखंडी दातांपुढे बसकण मारून बसली. "चालवा. माझ्यावरून न्या. आणि घरी गेल्यावर आईला सांगा, आज काय पराक्रम केलात ते."

यंत्र थांबलं.

"एकदाच न्हाव्याचं वाक्य ओरडते," चायो म्हणाली. "आत माणूस असेल तर शेवटचा ठोका देईल. पाइपला काय ठाऊक शेवटचा ठोका?"

ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. म्हणूनच सगळ्यांचे चेहरे उतरले. इथं ओरडायचं ते? शेजारी एक बाप मुलीचा बूट छातीशी धरून उभा होता.

"माफ कर रे भावा," चायो त्याला म्हणाली.

त्याने बूट एका हातात घेतला. दुसऱ्या हाताची मूठ वर केली. मागोमाग सगळ्यांच्या मुठी वर गेल्या.

चायोने फटीला तोंड लावलं. "ऐकलं, बाई, ऐकलं! आता काय छतच पाडता का?"

कुणी हसलं नाही. आतून काहीच आलं नाही. बेसेरिलने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. यंत्रवाल्याने दांडीवर हात ठेवला.

ठक.

मग हातांनीच उपसलं. चार तास. जिन्याखाली एक म्हातारी सापडली, मुठीत फरशीचा तुकडा आवळलेला. दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई. गच्चीवर, कपडे धुवायच्या हौदाशेजारच्या खोलीत ती एकोणीस वर्षं राहत होती. भाडेकरूंच्या यादीत गच्ची कुणी धरत नाही.

स्ट्रेचरवर चायोने तिला पाणी पाजलं आणि रडत रडत खडसावलं, "दोन दिवस नुसतं ठोकत काय बसलात, आजी? आवाज द्यायचा की! आम्ही मशीन घालणार होतो!"

म्हातारीने तोंडातली माती थुंकली.

"अकरा वर्षं ते ठोके मीच मारले, पोरी. बोलायचं वाक्य मला कुणी दिलंच नाही."